चौथा दाणा

जालना ५२

तिघांनी मत दिलं आणि तांब्यातून चार दाणे पडले.

जुबेदाआपांनी तांब्या पुन्हा उपडा केला, बुडावर दोन थापा मारल्या. आणखी काही पडलं नाही. स्टीलच्या ताटलीत दोन पांढरे दाणे आणि दोन काळे. ज्वारी दोन, उडीद दोन.

"परत मोजा," तातेराव म्हणाले.

"तात्या, चार तर हायेत. चार मोजायला किती टाइम लागतो?"

ही खोली राजूरच्या रामप्रसादच्या पिठाच्या गिरणीमागची. भिंतींवर पिठाचा पापुद्रा, खिळ्याला टांगलेले नंबरांचे कापडी चौकोन, कोपऱ्यात चुन्याची पोती. उद्या रविवारी सकाळी भोकरदन ते जालना मुलींची सायकल शर्यत. जी पहिली येईल ती राज्याच्या निवड शिबिराला जाणार. संध्याकाळी सहाच्या आत उतरणाऱ्या मुलींची यादी पक्की करून खाली तीन पंचांच्या सह्या व्हायला हव्यात. पंच तीन: शाळेतून निवृत्त झालेले मास्तर तातेराव, हेच अध्यक्ष; गिरणीवाला रामप्रसाद; आणि जुबेदाआपा. आपांनी तीस वर्षं पोस्टात काढली. निवृत्त झाल्यावर हातातला शिक्का सुटला आणि स्टॉपवॉच आलं, एवढाच काय तो फरक.

यादीत एकच नाव अडलं होतं. आकांक्षा, नंबर सात.

गेल्या जूनमध्ये एका मोठ्या शर्यतीनंतर तिच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला. गुडघा दुखायचा म्हणून कुणीतरी पुडी दिली होती, त्यातून आलं असेल, असं तिचं म्हणणं. आठ महिने झाले. दुसऱ्या नमुन्याचा अहवाल नाही, सुनावणी नाही. दिल्लीहून आलेल्या पत्रात दोनच ओळी: प्रकरण प्रलंबित. तात्पुरतं निलंबन नाही.

म्हणजे तिला चोर म्हणत नव्हते आणि साव म्हणायलाही तयार नव्हते. ठरवायचं राजूरच्या गिरणीत.

गिरणीतली रीत जुनी. हात वर करून कुणी मत द्यायचं नाही, कारण उद्या त्याच गावात एकमेकांची तोंडं बघायची असतात. प्रत्येक पंच परातीतून एक ज्वारीचा दाणा घेतो, एक उडदाचा. गोणपाटाच्या पडद्यामागे जातो. मताचा दाणा तांब्यात टाकतो, उरलेला शेजारच्या डब्यात. पांढरा म्हणजे होय, काळा म्हणजे नाही. आणि दाणा एकदाच पडतो. फेरमतदान नाही. एखाद्या साली पंच चार असले आणि दाणे बरोबरीत आले तर अध्यक्ष म्हणेल ते.

दर साली प्रश्न एकाच साच्याचा असे, अमकीला घ्यायचं का, तमकीला घ्यायचं का. या साली तातेरावांनी मास्तरकीच्या सवयीनं प्रश्न कागदावर लिहून आणला होता. सकाळी त्याची एक प्रत आकांक्षालाही दिली होती. कागदावर होतं: "आकांक्षाला थांबवायचं का?"

दोन होय. दोन नाही.

"बरोबरी," तातेराव म्हणाले. "मंग मी म्हणतो, थांबवा. महिना झाला, चौकात उभं राहून तेच सांगून राह्यलो मी. निकाल लागेस्तोवर बाहेर बसावं माणसानं. काय वाईट त्यात?"

"बरोबरी कशी?" जुबेदाआपा म्हणाल्या. "तिघांत बरोबरी होती का कधी?"

जालना ४७

पोस्टात आपा एक गोष्ट शिकल्या होत्या. थैलीतलं एखादं पाकीट जास्त निघालं, तर थैली बघत बसायचं नाही. दुसरी थैली उघडायची.

त्यांनी उरलेल्या दाण्यांचा डबा ओढला आणि ताटलीच्या दुसऱ्या कडेला उपडा केला.

तीन दाणे. ज्वारी दोन, उडीद एक.

रामप्रसाद पुढे वाकला. "बराबर हाय की. तिघं जण, तीन उरले."

"म्हंजी आपल्यातल्या कुणी दोन्ही दाणे तांब्यात टाकले न्हाईत. टाकले असते तर इथं दोनच निघाले असते. आपण घेतल्या तीन ज्वारी अन तीन उडीद. डब्यात दोन ज्वारी, एक उडीद. मंग तांब्यात काय पडलं असंल?"

"एक ज्वारी, दोन उडीद."

"अन पडल्या दोन ज्वारी." आपांनी तांब्यातले दोन्ही पांढरे दाणे बोटानं वेगळे केले. "यातली एक आपल्या परातीतली न्हाईच. बाहेरून आली."

खरा कौल मग एकास दोन. थांबवू नका. आकांक्षा उतरणार.

तातेरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपा, हिशोब चोख हाय तुमचा. पण दाणा घालणारा कोण हे कळाल्याबिगर मी सही करणार न्हाई. उद्या कुणीबी म्हणंल, तांब्यात हात घातलेली शर्यत. अन तो हात आकांक्षाच्या घरचा निघाला, तर ती त्याच्यापायीच बाहेर. मंग दिल्लीचं काय व्हायचं ते होऊ दे."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

जालना ४१

आपांनी दोन्ही पांढरे दाणे पांढऱ्या रुमालावर ठेवले, पाण्याचे चार थेंब सोडले आणि वाट बघितली.

एक दाणा भिजला, बस. दुसऱ्याभोवती गुलाबी कडं उमटलं.

जालना ३६

"औषध लावलेलं बी," रामप्रसाद म्हणाला. "माझ्या गिरणीत असलं बी मी उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई. विषारी असतंय. अन माघात पेरून कोण राह्यलंय? कुणाच्या घरात असंल हे आत्ता?"

"कारखान्यात," तातेराव म्हणाले. जालना रोडच्या बियाणं कारखान्यात उन्हाळा तोंडावर आला की ज्वारी-बाजरीचं बी निवडून, औषध लावून पिशव्यांत भरतात. राजूरच्या निम्म्या बायापोरी तिथं पाळीवर जातात. शनिवारची सकाळची पाळी एकला सुटते.

मत दिलं ते एकला. मग तातेराव पोलीस बंदोबस्ताचा फोन आला म्हणून रस्त्यावर गेले. रामप्रसादकडे दळणाचं गिऱ्हाईक आलं. आपा जोहरच्या नमाजाला त्याच्याच घराच्या वरच्या खोलीत गेल्या. तांब्या पडद्यामागे, पडदा खोलीत, खोलीचं दार सताड उघडं. दोनला तिघं परत आले.

"त्या तासाभरात कोण आलं, रामप्रसाद?"

"दोघी. आधी मुबारकची रुखसार. नंबर न्यायला आल्ती, म्हणलं आपा आल्यावर ये. मंग गिरिजाबाई."

गिरिजाबाई म्हणजे आकांक्षाची आई. रुखसार म्हणजे नंबर अकरा, आकांक्षाच्या खालोखाल या रस्त्यावरची सगळ्यात वेगवान पोरगी. दोघी त्याच कारखान्यात, त्याच पाळीला.

"मंग काय राह्यलं शोधायला?" तातेराव म्हणाले. "दाणा पांढरा. पांढरा म्हंजी थांबवा. आई पोरीला थांबवंल का? रुखसारनंच टाकला. तिचा काटा निघतो त्यात."

बरोबर वाटत होतं. आपांना तेच खटकलं. पोस्टात जो पत्ता एका नजरेत वाचला जायचा, तोच त्या दुसऱ्यांदा वाचायच्या.

शिवाय एक गोष्ट त्यांना आणि त्यांनाच माहीत होती. परातीतला तो खरा पांढरा दाणा त्यांचा होता.

आकांक्षावर त्यांचा राग नव्हता. गेल्या साली पहिली आलेली बाहेरगावची मुलगी सहा महिन्यांनी औषधाच्या चाचणीत दोषी निघाली, आणि तिचा कप काढून दुसऱ्या आलेल्या रुखसारला द्यायचा ठरला. तो कप आपांनीच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरला, चिकटपट्टी लावली, पत्ता लिहिला. ना मांडव, ना टाळ्या. पत्ता लिहिताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं, असलं खोकं पुन्हा आपल्या हातून भरलं जायचं नाही.

जालना ३०

गिरिजाबाई घराच्या ओट्यावर बसून होत्या. आकांक्षा आत सायकलच्या साखळीला तेल देत होती. दाराआडून चाक फिरल्याचा आवाज येत होता आणि मधेच थांबत होता.

"गिरिजा, दुपारी गिरणीत आल्तीस?"

"आल्ते."

"पडद्यामागं गेल्तीस?"

गिरिजाबाईंनी नाकारलं नाही. त्यांनी पदराचं टोक पुढं ओढलं, गाठ सोडली आणि तळहात आपांसमोर धरला. तळव्यावर उडदाचा एक दाणा होता.

"कारखान्यात जायच्या आदी घरच्या डब्यातून घेतला. तात्यांच्या कागदावर लिहिल्तं ना, थांबवायचं का म्हणून. पोरीनं वाचून दाखवलं. म्हणलं, काळा टाकला की झालं. एका दाण्यानं कुणाचं काय जातंय?"

"मंग?"

"तांब्यापर्यंत गेले. हात वर केला." त्या थांबल्या. आतलं चाकही थांबलं. "आन वाटलं, हा टाकला तर पोरीच्या लघवीत जे सापडलं ते मीच खरं केलं. आठ महिने तिला सांगून राह्यले, बाई, तू काही केलं न्हाई. मंग मीच करू का? तशीच मागं फिरले."

आपांनी तिची मूठ मिटून दिली.

"आपा, तुम्ही काय टाकलं हो?" आतून आकांक्षाचा आवाज आला. ती बाहेर आली नव्हती. "न्हाई सांगितलं तरी चालंल. फक्त एवढं सांगा, मी उद्या कुठं उभी राहू? रेषेच्या अल्याड का पल्याड?"

"सहा वाजता सांगते."

आपा ओटा उतरल्या. गिरिजाबाई खरं बोलली, यात शंका नव्हती. प्रश्न तिला ठाऊक होता, पांढऱ्याचा अर्थ ठाऊक होता, ती पांढरा टाकणं शक्यच नाही. म्हणजे उरली रुखसार. तातेरावच खरे निघाले.

निघाले का?

जालना २४

मुबारकचं पंक्चरचं दुकान बस स्टँडसमोर. तो टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. आपांची नजर कपाटावर गेली. तिथं एक खोकं होतं, धूळ बसलेलं. त्यावरचं अक्षर त्यांच्याच हातचं.

"मुबारक, हे अजून इथंच?"

"काय सांगू आपा. पोरगी फोडूच देत न्हाई. मी म्हणलं कप काढून वर ठेवतो, गिऱ्हाईकाला दिसंल. म्हणली, अब्बा, हात लावला तर बघा. चिकटपट्टीबी तशीच हाय."

"रुखसार कुठंय?"

"मागं. उद्याची चाकं लावून राह्यली."

जालना १७

रुखसारच्या अंगावर अजून कारखान्याचा निळा कोट होता. नखांच्या कडा गुलाबी. आपांना बघून तिनं पाना खाली ठेवला.

"नंबर आणला का, खाला?" मावशीच्या नात्यानं ती आपांना खाला म्हणायची.

"आधी एक खेळ." आपांनी तळहात पुढं केला. एक ज्वारी, एक उडीद. "समज, तू पंच हायेस. अन तुला आकांक्षाला शर्यतीतून काढायचंय. कोणता टाकशील? जल्दी सांग."

"काळा."

"का?"

"काळा म्हंजी नको. राजूरच्या शेंबड्या पोराला माहीतय."

आपांनी सुस्कारा सोडला. मग कोटाच्या बाहीची दुमड बोटानं उलगडली. दुमडीत ज्वारीचे तीन-चार गुलाबी दाणे अडकलेले होते.

"बेटा, यंदा प्रश्न उलटा होता. तात्यांनी विचारलं, थांबवायचं का? पांढरा म्हंजी होय. होय, थांबवा."

रुखसार आधी समजलीच नाही. मग समजली. ती खाली बसली, सायकलच्या मोडक्या खोगिरावर, जे तिथं पडलेलं होतं.

"तुला ती हवी होती शर्यतीत," आपा म्हणाल्या. "सगळे म्हणतेत, रुखसारनं तिचा काटा काढला. काटा काढायचा असता तर तू काळा टाकला असतास. तुझ्या दाण्यानं ती जवळजवळ बाहेर गेल्ती."

"मी आले तव्हा कुणीच नव्हतं," रुखसार हळू आवाजात म्हणाली. "पडदा होता, तांब्या होता. बाहीत दाणा होता. कोटाला घासला, पांढरा झाला. टाकला. एवढंच. ठरवून न्हाई आल्ते."

"पण का?"

"खाला, ती बाहेर बसली अन मी जिंकले, तर लोक काय म्हणतील? आकांक्षा नव्हती म्हणून. अन उद्या दिल्लीवाले म्हणले, ती निर्दोष हाय, मंग? मंग माझा कप खोटा. गेल्या साली कप मिळाला तो खोक्यात. यंदा रस्त्यावर मिळाला अन नंतर खोक्यात गेला, तर मी काय करू?" तिनं नाक पुसलं. गालावर गुलाबी बोट उमटलं. "ती जून महिन्यापासून माझ्याशी बोलत न्हाई. तिला वाटतं मी हसते तिला. मला तिला हरवायचंय. सगळ्यांसमोर. ती शर्यतीत असताना."

"आता मला हे सांगावं लागंल गिरणीत जाऊन."

"सांगा."

"तू उतरशील का न्हाई, माहीत न्हाई."

"अन आकांक्षाचं काय होईल?"

आपा गिरणीकडे वळल्या. घड्याळात साडेपाच होत आले होते.

जालना ९

"दोघींनाबी काढा," तातेराव म्हणाले. "एकीनं औषध खाल्लं, दुसरीनं दाणा टाकला. किटकिट मिटली."

"औषध खाल्लं हे कुणी ठरवलं?"

"ठरायचंय."

"अन रुखसारचं?"

"तिनं तर कबूल केलं तुमच्यासमोर."

"माझ्यासमोर. मंडळासमोर न्हाई." आपांनी नियमांची वही उघडली. "कलम नऊ. अक्षर तुमचं हाय, तात्या. 'स्पर्धकाविरुद्ध तक्रार आल्यास लेखी नोटीस द्यावी, सात दिवसांनी म्हणणं ऐकावं, तोवर दोषी मानू नये.' ती सात दिवस मागू शकते. आज शनिवार हाय."

रामप्रसाद दळणाच्या हातानं डोकं खाजवत होता. त्याला अचानक उमगलं. "मंग रुखसारबी काय झाली? प्रलंबित."

बाहेर गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"एका दाण्याचं सांगते," आपा म्हणाल्या. "रीत मोडून सांगते. परातीतला पांढरा दाणा माझा होता. मी म्हणले, थांबवा. अजूनबी माझं तेच मत हाय, अन मी हरले."

तातेरावांनी रामप्रसादकडे बघितलं. रामप्रसादनं तातेरावांकडे बघितलं. पांढरा एकच होता. म्हणजे उरलेले दोन्ही काळे या दोघांचे. महिनाभर चौकात 'बाहेर बसवा' म्हणणाऱ्या तातेरावांनी पडद्यामागं जाऊन पोरीला उतरवलं होतं.

रामप्रसादचे ओठ हलायला लागले.

"हसू नको," तातेराव म्हणाले.

"न्हाई हसत. म्हणलं, चौकात काय सांगायचं आता?"

"पोरगी माझ्या वर्गात होती." तातेरावांनी यादी ओढली. "पाचवीत. पट्टी मोडली तर स्वतः येऊन सांगायची." त्यांनी सही केली आणि कागद पुढं ढकलला. "निकाल मात्र कच्चा. दोघींचाबी."

"पेन्सिलीनं लिहीन," आपा म्हणाल्या.

जालना ०

सकाळचं ऊन, चुन्याची रेषा, दोन्ही बाजूंना माणसं.

शेवटच्या वळणावर तीन सायकली दिसल्या. सात, अकरा आणि मागं एकोणीस. सात आणि अकरा खांद्याला खांदा लावून आल्या. शंभर मीटरवर रुखसार खोगिरावरून उठली, आकांक्षाही उठली. कुणी मागं हटेना. रेषेवर रुखसारचं पुढचं चाक अर्ध्या हातानं पुढं होतं. सगळ्या रस्त्यानं बघितलं. दिसायला तेवढं अंतर पुरेसं होतं.

आपांनी घड्याळ थांबवलं आणि तक्त्यावर पेन्सिलीनं लिहिलं. एक, रुखसार. दोन, आकांक्षा. एकोणीस नंबर होता परतूरच्या प्रियदर्शनीचा. तीन म्हणून तिचं नाव लिहायला आपांनी पेन उचललं आणि हात थांबला.

प्रियदर्शनी धापा टाकत जवळ आली. तक्ता वाचला. तिला कालची गोष्ट कळलेली होती. एव्हाना सगळ्यांनाच कळली होती.

"मॅडम, मंग मी कितवी?"

"तिसरी. आत्तापुरती."

"अन नंतर?"

"दुसरी होशील. किंवा पहिली. त्यांचं काय ठरतं त्याच्यावर."

"कव्हा ठरंल?"

आपांनी उचललेलं पेन परत खाली ठेवलं.

"शिबिराला कोण जाणार मंग? मी बॅग भरू का न्हाई?" प्रियदर्शनीच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. "अन कप? तो मला कसा देणार?"

चार पावलांवर रुखसार उभी होती, ओंजळीत पाणी घेऊन. तिनं ते प्यायलं नाही. ओंजळ उघडली, पाणी रस्त्यावर सांडू दिलं. मग पाठीवरचा अकरा नंबरचा चौकोन सोडवला, त्याच्या चारही पिना एकेक करून काढल्या, आणि तो आपांच्या तक्त्यावर ठेवला.

"खाला, मला सात दिवस नकोत. दाणा मी टाकला. इथंच लिहून देते, सगळ्यांसमोर. माझं नाव पेननं खोडा."

"रुखसार, तू जिंकलीस."

"ते झालं. रस्त्यानं बघितलं ते." तिनं प्रियदर्शनीकडे मान वळवली. "हिला खोकं नका पाठवू. माझ्याकडून तरी नको."

तिनं लिहून दिलं. अक्षर वाकडं आलं. आपांनी पेन घेतलं आणि एक नंबरवरचं नाव आडव्या रेघेनं खोडलं. प्रियदर्शनी एक पायरी वर चढली.

आकांक्षाही चढली. ती सायकल धरून हे सगळं बघत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती रुखसारजवळ गेली आणि काहीतरी बोलली. काय ते गर्दीत ऐकू आलं नाही. रुखसारनं मान हलवली.

मग आकांक्षा तक्त्यापाशी आली. पेन्सिलीनं लिहिलेल्या आपल्या नावावर तिनं बोट टेकवलं. बोटाला घाम होता, अक्षराचा काना थोडा पसरला.

"आपा, मलाबी असंच काहीतरी लिहून देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी काय लिहू? मी केलंच न्हाई." तिनं बोट उचललं. "हे पुसता येतं का?"

"येतं, बाळा," जुबेदाआपा म्हणाल्या. "म्हणूनच पेन्सिलीनं लिहिलंय."

आकांक्षा पेनाकडे बघत राहिली. आपांनी त्याला टोपण लावलं.